चिकापासून १४२२ पर्यंत : पिष्टाच्या रूपांतराचा इतिहास

१/ चैत्र-वैशाखात ताडकळस (ता. पूर्णा, जि. परभणी) परिसरातील अंगणांत आणि गच्च्यांवर कुरडया वाळू लागतात. दुसरीकडे, दुकानातील सॉसच्या बाटलीवर बारीक अक्षरांत ‘थिकनर (१४२२)’ असे छापलेले आढळते. या दोहोंचे नाते काय? आजचा धागा त्याविषयी.

२/ प्रथम कुरडई. गहू तीन दिवस भिजतात. पाणी रोज बदलावे लागते. आंबलेले गहू वाटून, वस्त्रातून पिळून चीक काढतात. रात्रभरात चीक तळाशी बसतो. वरचे आंबूस पाणी ओतून देतात. उरलेला पांढराशुभ्र थर म्हणजे बहुतांशी पिष्ट, अर्थात स्टार्च. चोथाही वाया जात नाही. त्याच्या भुसवड्या होतात.

३/ इ.स.पू. दुसऱ्या शतकातील रोमन लेखक केटो याने शेतीवरील ग्रंथात हीच कृती नोंदवली आहे. गहू दहा दिवस भिजवावा, कुस्करावा, नव्या कापडातून पिळावा, उन्हात वाळवावा आणि दुधात शिजवावा. आपल्याकडेही ताजा चीक दूध-साखरेसोबत खातातच! ग्रीक ‘अमिलॉन’ म्हणजे जात्यावर न दळलेले. आजच्या रसायनशास्त्रातील ‘अमायलोज’ हे नाव त्याच मुळातून आले.

४/ चीक उकळत्या पाण्यात घोटला की पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात, फुटतात आणि लगदा पारदर्शक होतो. सोऱ्यातून पाडून उन्हात वाळवल्यावर तो कडक होतो. तळताना आतील उरल्यासुरल्या ओलाव्याची वाफ होते आणि कुरडई फुलते. पाणी, उष्णता व ऊन यांनी घडवलेले हे भौतिक रूपांतर होय.

५/ रासायनिक रूपांतराची कथा युरोपातली. नेपोलियनच्या काळातील व्यापारबंदीमुळे तेथे उसाची साखर दुर्मीळ झाली होती. १८११ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे किर्शहॉफ हा रसायनज्ञ डिंकाला पर्याय शोधत होता. सौम्य गंधकाम्लात पिष्ट उकळताच त्याच्या हाती गोड पाक आला. आजच्या ग्लुकोज सिरपचा हा पूर्वज.

६/ कोरडे पिष्ट भाजले तर डिंकासारखा पदार्थ मिळतो. १८३३ मध्ये बियो आणि पेर्सो यांनी त्याला ‘डेक्स्ट्रिन’ हे नाव दिले. मिठाईच्या गोळ्यांना चकाकी आणण्यासाठी ते आजही वापरतात.

७/ १८८६ मध्ये लिंटनर या जर्मन रसायनज्ञाने पिष्टाचे कण न फोडता त्यांवर थंड आम्लाची प्रक्रिया केली. अशा पिष्टाची खळ गरम असताना पातळ राहते, म्हणून साच्यात सहज ओतता येते; थंड झाल्यावर ती घट्ट बसते. जेली गोळ्यांना नेमके हेच हवे असते. खाद्यपदार्थांच्या आंतरराष्ट्रीय यादीत याचा क्रमांक १४०१.

८/ मग दुसरे महायुद्ध. १९४२ मध्ये जावा बेट जपानच्या ताब्यात गेले आणि टॅपिओकाचा पुरवठा तुटला. अमेरिकेने पर्याय म्हणून चीनमधून आलेल्या चिकट मक्याची लागवड वाढवली. भारतात याच काळात तमिळनाडूतील सेलम येथे साबुदाण्याचा उद्योग उभा राहिला. ओल्या पिष्टाचे दाणे वळून ते तापलेल्या तव्यावर भाजायचे. आपल्या उपवासाच्या खिचडीतही रूपांतरित पिष्टच असते!

९/ आता १४२२. साधी खळ आंबट सॉसमध्ये उकळली की पातळ पडते. म्हणून पिष्टाच्या साखळ्यांना अॅडिपिक आम्लाच्या साहाय्याने आडवे टाके घालतात. अॅसिटिल गटांमुळे साठवणुकीत पाणी सुटत नाही. हे रासायनिक रूपांतर आहे. कुरडई आणि १४२२ एकच नव्हेत. परंतु दोहोंमागचा प्रश्न एकच : पिष्टाने आपल्याला हवे तसे कसे वागावे?

१०/ महाराष्ट्रातही मक्यापासून स्टार्च काढणारे कारखाने आहेत. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा हे त्याचे परिचित ठिकाण. ताडकळसच्या जिल्ह्याच्या गावी, परभणीच्या कृषी विद्यापीठात, अन्नतंत्रज्ञान शिकवले जाते. किर्शहॉफ, लिंटनर यांची नावे पाठ्यपुस्तकांत असतात. चीक किती आंबवावा, पाणी केव्हा ओतावे, हे ठरवणाऱ्या स्त्रीचे नाव मात्र कुठेही नाही. चीक शिजला की नाही, हे ती पाण्याचा हात लावून पाहते : बोटाला चिकटला नाही, तर शिजला. ही प्रयोगशाळेतील चाचणीच आहे. फक्त तिची वही लिहिली गेली नाही.

११/ आता तयार कुरडया पाकिटात मिळतात. घरचे वाळवण थांबले की ही न लिहिलेली वहीही मिटते. म्हणून मित्रहो, या उन्हाळ्यात आजीजवळ बसा. दिवस किती, पाणी किती, हाताला कसे लागते, सारे तारखेसह लिहून ठेवा. इतिहासाचे साधन असेही घडते.

(धागा समाप्त)