औदासीन्याचा पूर्वेतिहास

हल्लीचा विद्यापीठीय तरुण समाजाविषयी उदासीन झाला असून या औदासीन्याचे मूळ त्याच्या हातातील मोबाईलमध्येच आहे, असा निवाडा देऊन वडीलधारी मंडळी मोकळी होतात. परंतु नागपूर जिल्ह्यातील भिवापूरच्या मुलखात उभे राहून गेल्या शतकाचे दप्तर चाळले, तर या विकाराचा प्रारंभ व्हॉट्सअ‍ॅपच्या जन्मापूर्वीच झाला होता, असे ध्यानात येते.

भिवापूरच्या दक्षिणेस, फारशा दूर नसलेल्या चिमूर येथे १६ ऑगस्ट १९४२ रोजी जो उठाव झाला, त्यात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी भारावलेले तरुण अग्रभागी होते, आणि म्हणूनच ब्रिटिश सरकारने महाराजांना अटक करून नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत डांबले. स्वातंत्र्यानंतर ग्रामसफाई, श्रमदान व सामुदायिक प्रार्थना या मार्गांनी हाच प्रवाह विधायक झाला. १९६७ पासून बाबा आमट्यांच्या, चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथील श्रमछावणीत महाविद्यालयीन मुले कुदळ-फावडी हाती घेऊ लागली, तर १९६९ साली राष्ट्रीय सेवा योजनेने सेवेला विद्यापीठाच्या चौकटीत अधिकृत स्थान दिले. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठास पुढे, २००५ साली, ग्रामसेवेचा पुरस्कार करणाऱ्या याच तुकडोजींचे नाव देण्यात आले.

तथापि नाव मिळण्यापूर्वीच व्यवहार पालटला होता. महाविद्यालयीन निवडणुकांतील हिंसाचाराला आळा घालण्याच्या हेतूने १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने त्या निवडणुका बंद केल्या आणि विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी मतांऐवजी गुणांवरून ठरू लागला. परिणामी सहाध्यायांची गाऱ्हाणी ऐकणे, ती कचेरीपर्यंत नेणे व प्रसंगी पराभव पचवणे, हे नागरिकत्वाचे धडे गिरवण्याची जागाच उरली नाही. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात निवडणुकांची तरतूद पुन्हा आली खरी, पण ती सरसकट अमलात आली नाही. सेवा योजनेतही वर्षाच्या १२० तासांचा हिशेब आणि दत्तक गावातील सात दिवसांचे शिबिर, यांची नोंदवही भरली की कर्तव्याची मुदत संपली, अशी वृत्ती अनेक ठिकाणी बळावली.

अशा रित्या पडलेल्या अवकाशात २०१६ नंतर स्वस्त झालेल्या इंटरनेटने प्रवेश केला. समाजमाध्यमांनी तरुणापर्यंत जगाच्या दुःखाची वार्ता क्षणार्धात पोहोचवली, रक्तदाता शोधण्यासारख्या कामी त्यांचा उपयोगही निर्विवाद झाला. परंतु हळहळ व्यक्त करणारे चिन्ह पाठवताच कर्तव्यपूर्तीचे समाधान देण्याची जी किमया या माध्यमांत आहे, तिने कृतीची निकड मंदावली. भिवापूरच्या मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडण्याच्या आवारात, दिवसभर देठ खुडणाऱ्या, तिखटाने हात भाजून घेणाऱ्या स्त्रियांचे छायाचित्र हजारोंपर्यंत पोहोचवणे सोपे आहे. त्यांची मजुरी किती, त्यांच्या मुली शाळेत जातात की नाही, हे सातऱ्यावर जाऊन विचारणे मात्र वेळखाऊ आहे, आणि त्या विचारपुशीला कोणाची पसंतीही मिळत नाही.

म्हणून मोबाईल हिरावून घेण्याचे फर्मान काढल्याने काही साधणार नाही. जबाबदारी अंगावर पडल्यावाचून आस्था उपजत नाही, हीच या साऱ्या इतिहासाची साक्ष आहे. तेव्हा विद्यापीठाने आणि गावाने विद्यार्थ्यांच्या हाती पुन्हा खरी कामे, खरी मते आणि चुका करण्याचा खरा अधिकार द्यावा, आणि मगच त्यांच्या औदासीन्याविषयी तक्रार करावी.