उंबरठ्याखालचा पैसा आणि चौकातलं टांकं : बडोद्याच्या एका घराची चौकशी

आमचं घर बडोद्याच्या जुन्या शहरात, मांडवीपासून पायी दहा मिनिटांवर, एका पोळमध्ये आहे. या घराबद्दल आमच्याकडे एकच गोष्ट सांगितली जायची. पणजोबांच्या वडिलांनी सरकारची इमानेइतबारे नोकरी केली, म्हणून खंडेराव महाराजांनी त्यांना हे घर बक्षीस दिलं. लग्नाच्या बैठकीत, गणपतीच्या आरतीनंतर, पाहुण्यांना घर दाखवताना, ही गोष्ट मी शंभरदा तरी ऐकली असेल. खंडेराव महाराजांची कारकीर्द १८५६ ते १८७०. त्या हिशेबाने घराला आमच्याकडे येऊन दीडशे वर्षं तरी झाली, असं आम्ही धरून चाललो होतो.

गेल्या वर्षी घराची डागडुजी काढली. मी व्यवसायाने स्ट्रक्चरल इंजिनीअर. तीस वर्षं इतरांच्या इमारती तपासल्या, स्वतःच्या घराची भिंत मात्र कधी उघडून पाहिली नव्हती. वडिलांनी चाळीसेक वर्षांपूर्वी माजघराच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. जुनी भिंत विटा-चुन्याची, ती श्वास घेते. जमिनीतून चढलेली ओल चुन्यातून हळूहळू बाहेर पडते. वरून सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते, क्षार फुलतात आणि विटेचा भुगा व्हायला लागतो. आमचं तेच झालं होतं. सिमेंट काढून पुन्हा चुन्याचा गिलावा करायचा, कौलं उतरवून वासे तपासायचे, चौकातली फरशी बदलायची, एवढंच काम ठरलं होतं.

सुरुवात कौलांपासून झाली. बहुतेक कौलं अलीकडची होती. मागच्या पडवीवर मात्र जुनी मंगळुरी कौलं निघाली. एक उलटं केलं तर बासेल मिशनच्या कारखान्याचं नाव, आणि शेजारी आकडा, १८६५. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! १८६५ म्हणजे खंडेराव महाराजांचाच काळ. त्याच संध्याकाळी आत्याला फोन करून सांगितलं, की आपली गोष्ट खरी निघाली. आत्याचं वय चौऱ्याऐंशी. घराण्याची सगळी आठवण आता तिच्याकडेच आहे.

चार दिवसांनी माझी चूक माझ्या लक्षात आली. बासेल मिशनने मंगळुरूजवळ जेप्पू इथे कौलांचा कारखाना काढला, त्याचं साल १८६५. हा आकडा कारखान्याच्या स्थापनेचा, कौल भाजल्याचा नव्हे. पुढे कित्येक वर्षं तोच शिक्का उमटत राहिला. पहिल्या महायुद्धानंतर हे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, तेव्हा बासेल मिशनच्या नावाचं कौल साधारण १८६५ ते १९२०च्या दरम्यानचं, एवढंच म्हणता येतं. जुन्या घरांच्या मालकांना माझी पहिली विनंती हीच, की वस्तूवर साल दिसलं म्हणून ते घराचं साल समजू नका.

मग माजघराची भिंत उघडली. सिमेंट आणि त्याखालचा चुना सुटल्यावर विटांच्या थरांमध्ये दर तीनेक फुटांवर आडव्या सागवानी पट्ट्या दिसल्या, कोपऱ्यात एकमेकींत खाचून बसवलेल्या. २६ जानेवारी २००१ला कच्छचा भूकंप झाला तेव्हा हे घर चांगलंच हललं होतं, पण भिंतीला साधी चीरसुद्धा पडली नाही. त्याचं कारण चोवीस वर्षांनी समोर आलं. भिंत हलली तरी या पट्ट्या तिला बांधून धरतात, विटा सुट्या होऊन बाहेर पडत नाहीत. लाकडी चौकट आणि विटांची ही पद्धत गुजरातच्या जुन्या शहरांत सर्रास आढळते. वरच्या तुळयांच्या टोकांवर सुताराने जोडणीसाठी आकडे कोरले होते, तेही गुजराती. पण यावरून घर कोणाचं ते ठरत नाही. मराठी माणसानेही घर बांधलं असतं तरी सुतार आणि कडिया इथलेच असणार, आणि सागवान सोनगड-व्यारा बाजूच्या जंगलातलंच येणार.

तिसरी वस्तू उंबरठ्याखाली मिळाली. वाळवी लागलेला उंबरठा काढताना सुताराने हाक मारली. खाली मातीत, थोड्या हळकुंडांच्या भुग्यात, एक तांब्याचा पैसा होता. चिंचेच्या पाण्याने नव्हे (कृपा करून जुनी नाणी चिंचेने घासू नका), नुसत्या साध्या पाण्याने धुतला. एका बाजूला सयाजीराव महाराजांचं नाव, तलवार आणि घोड्याचा खूर. दुसऱ्या बाजूला संवत १९४९. म्हणजे इसवी सन १८९२-९३. उंबरठा बसवताना खाली नाणं ठेवायची रीत सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा हा उंबरठा १८९२च्या आधीचा असू शकत नाही. नंतरचा किती, ते पैसा सांगत नाही. नाणी पाडल्यावर पुढे बरीच वर्षं चालतात. नाण्यावरून 'याच्या आधी नाही' एवढीच खालची मर्यादा मिळते.

आता प्रश्न असा पडला, की घर १८९२नंतर बांधलं, की फक्त उंबरठा नंतर बदलला? त्याचं उत्तर चौकाने दिलं.

चौकातली फरशी ठोकताना एका जागी पोकळ आवाज आला. फरशीखाली काँक्रीट, त्याखाली लोखंडी कडी असलेला दगड. बिगाऱ्यांची लगेच कुजबुज सुरू झाली, धन असणार म्हणून. दगड सरकवला, दोन दिवस तोंड उघडं ठेवलं, मग दोरीला दिवा बांधून खाली सोडला. बंद जागेत वायू साठलेला असतो, दिवा विझला तर माणसाने उतरायचं नसतं. दिवा जळत राहिला. खाली धन नव्हतं, टांकं होतं. आत साधारण १० फूट लांब, ८ फूट रुंद, १२ फूट खोल, विटांचं बांधकाम, आतून गुळगुळीत चुना. एका कोपऱ्यात वरून येणाऱ्या नळीचं तोंड. छपरावरचं पावसाचं पाणी पन्हळीतून इथे यायचं.

इंजिनीअरच्या सवयीने हिशेब केला. टाक्यात सुमारे २७ हजार लिटर पाणी मावतं. बडोद्याचा पाऊस सरासरी ९०० मिलिमीटर धरला, तर चौकाकडे उतरणाऱ्या छपरावरून ते एका पावसाळ्यात सहज भरतं. दहा माणसांना पिण्या-स्वयंपाकाला रोज ५० लिटर लागले, तर हे पाणी ५४० दिवस, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष पुरतं. एक पावसाळा पूर्ण कोरडा गेला तरी घराला पिण्याचं पाणी आहे, अशी ही रचना आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. टाक्याची एक भिंत माजघराच्या पायाशी एकसंध आहे, विटांचे थर एकमेकांत गुंफलेले. म्हणजे टांकं आणि घर एकाच वेळी बांधलं गेलं. आजव्याच्या सयाजी सरोवराचं पाणी नळाने शहरात आलं १८९२ साली. त्यानंतर एवढा खर्च करून टांकं बांधणारे कमी. सोवळ्यासाठी नळाचं पाणी न पिणारेही होते, म्हणून अगदी खात्रीने बोलत नाही, पण घर नळाच्या आधीचं असण्याचाच संभव जास्त. मग घर आधीचं आणि उंबरठा नंतरचा. चांगल्या स्थितीतल्या घराचा उंबरठा कोण बदलतो? दुरुस्ती करणारा, किंवा नव्याने राहायला येणारा.

उत्तर शेवटी जिन्याखालच्या कोनाड्यात सापडलं. हा कोनाडा विटा लावून बुजवला होता, आणि वरचा गिलावा इतका साफ की आमच्या पिढीत कोणाला तिथे काही आहे हे ठाऊकच नव्हतं. आत जाड कापडात गुंडाळलेले कागद. वाळवीने निम्मे खाल्लेले. बरेचसे मोडीतले घरखर्चाचे हिशेब. त्यांत एक मुद्रांकाचा कागद, गुजरातीत, संवत १९५७चा. आमच्या मंडळातल्या एका ज्येष्ठ सभासदांनी मोडी मजकूर वाचून दिला, गुजराती मी स्वतः वाचलं. रक्कम आणि नावं इथे देत नाही, कारण दोन्ही घराण्यांचे वंशज आज याच शहरात आहेत.

कागद मुदतखरेदीचा आहे. घराचा गुजराती मालक देणी वारण्यासाठी घर माझ्या पणजोबांना विकतो. पाच वर्षांत पैसे परत केले तर घर परत मिळेल, नाहीतर खरेदी कायम. खाली आणखी एक कलम. विकणाऱ्याच्या आईला, ती हयात असेपर्यंत, चौकातल्या टाक्याचं पाणी भरू द्यावं.

संवत १९५७ म्हणजे छप्पनिया दुष्काळाच्या लगोलग नंतरचं वर्ष. गुजरातीत संवत १९५६ नुसतं 'छप्पनियो' म्हणून ओळखतात. १८९९ साली पाऊस गेला, गुरं मेली, मग माणसं. बडोदा संस्थानची लोकसंख्या १८९१च्या शिरगणतीत २४ लाख १५ हजार होती, १९०१मध्ये १९ लाख ५२ हजार राहिली. दहा वर्षांत जवळपास पाचवा हिस्सा कमी. खुद्द बडोदा शहर १ लाख १६ हजारांवरून १ लाख ३ हजारांवर आलं. खेड्यात कर्ज फिटेनासं झालं, की शहरातला सावकारही बुडतो. त्याने उधार दिलेला पैसा शेतात असतो आणि शेतात काही उगवलेलं नसतं. याउलट माझे पणजोबा सरकारी कारकून. पगार लहान, पण महिन्याच्या महिन्याला येणारा. दुष्काळात ज्याच्या हातात रोख होती तो घर घेऊ शकला.

हे लिहिताना मला बरं वाटत नाही, हे कबूल करतो. पणजोबांनी काही फसवाफसवी केल्याचं कागदात कुठे दिसत नाही. व्यवहार रीतसर आहे, म्हातारीच्या पाण्याची अटही त्यांनी मान्य केली आहे. पण 'महाराजांचं बक्षीस' आणि 'दुष्काळात घेतलेलं घर' यांत फरक आहेच. कोनाडा कोणी बुजवला ते कळायला मार्ग नाही. बक्षिसाची गोष्ट मात्र त्यानंतरच रुजली असावी, असं मला वाटतं.

हे आत्याला कसं सांगायचं, याचा आठवडाभर विचार केला. शेवटी कागद घेऊन तिच्याकडे गेलो आणि वाचून दाखवला. बक्षिसाबद्दल ती काही बोलली नाही. पाण्याच्या कलमापाशी मात्र तिने मला थांबवलं आणि ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "आजी सांगायची रे, पहाटे एक गुजराती म्हातारी तांब्याची घागर घेऊन यायची. आजी तिला बा म्हणायची. बा पाणी भरून जाईपर्यंत आमच्यातलं कोणी चौकात जायचं नाही. मला कधी कळलंच नाही, नळ असताना ती आपल्याकडे पाण्याला का येते."

पुढे ओळखीतून त्या घराण्यातल्या एका वयस्कर गृहस्थांची गाठ पडली. त्यांना घरी बोलावलं, टांकं दाखवलं. त्यांच्याकडेही या घराची एक गोष्ट आहे. त्यांच्या मते घर विकलेलं नव्हतं, मराठी कारकुनाकडे गहाण होतं, आणि सोडवायचं राहून गेलं. आमची गोष्ट बक्षिसाची, त्यांची गहाणाची. मुदतखरेदीचा कागद पाहिल्यावर त्यांची गोष्ट आमच्यापेक्षा खऱ्याच्या जास्त जवळ आहे, हे मला मान्य करावं लागलं. त्यांनी कागदाची एक प्रत मागितली, ती मी दिली. जाताना ते टाक्याच्या तोंडाशी जरा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, आमच्याकडे याचं तांब्याचं झाकण होतं असं सांगतात. आमच्याकडे ते सापडलेलं नाही.

एका घरावरून शहराचा इतिहास लिहिता येत नाही. पण १९०० ते १९०५च्या दरम्यान जुन्या बडोद्यात किती घरांचे मालक बदलले, आणि ती कोणाकडून कोणाकडे गेली, हे पाहण्यासारखं आहे. असे कागद अनेक मराठी घरांत पडून असतील. म्हणून मंडळाच्या सभासदांना, विशेषतः ज्यांच्या घरी काम निघणार आहे त्यांना, विनंती. फोडण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. नाणं, कौल, कागद जे मिळेल ते नेमकं कुठे मिळालं ते त्याच दिवशी लिहून ठेवा, नंतर आठवत नाही. मजुरांना आधीच सांगून ठेवा, की काही निघालं तर हात थांबवायचा. मी हे उशिरा सांगितलं. जिन्याखालच्या पहिल्या चार विटांबरोबर काही कागदांचा चुरा मलब्यात गेला, तो परत मिळाला नाही.

टांकं आम्ही बुजवलं नाही. आतून नवा चुना दिला, पन्हळ पुन्हा जोडली. या पावसाळ्यात पहिल्या दोन सरींचं पाणी बाहेर सोडून दिलं, मग नळीचं तोंड उघडलं. भाद्रपदात दोर सोडून मोजलं, तेव्हा आत साडेसात फूट पाणी होतं.