ओट्यावरचे सरकार

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात लेनर्ड कॅसली नावाचे एक गहू पिकवणारे शेतकरी होते. १९६९ मध्ये तिथल्या सरकारने गव्हाच्या विक्रीवर कोटा लावला आणि कॅसलींच्या वाट्याला आलेला कोटा त्यांच्या पिकाच्या मानाने अगदीच तुटपुंजा होता. अर्ज झाले, विनंत्या झाल्या, उपयोग झाला नाही. तेव्हा २१ एप्रिल १९७० रोजी या गृहस्थांनी जाहीर केले, की आपले कुटुंब आणि आपली सुमारे ७५ चौरस किलोमीटर जमीन आजपासून स्वतंत्र राज्य आहे. नाव ठेवले हट रिव्हर. ते स्वतः प्रिन्स झाले आणि पत्नी प्रिन्सेस. टपालाची तिकिटे निघाली, नाणी पडली, पासपोर्टही छापले गेले. पर्यटक हौसेने यायचे आणि शिक्का मारून घ्यायचे. जगातल्या एकाही देशाने या राज्याला मान्यता दिली नाही, तरी हा संसार पन्नास वर्षे चालला. पुढे कराची थकबाकी अंगावर आली, करोनामुळे पर्यटक थांबले आणि २०२० मध्ये मुलाने राज्य गुंडाळले.

अशी घरगुती राज्ये जगात बरीच आहेत. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रात दुसऱ्या महायुद्धातला एक बुरूज उभा आहे. रॉय बेट्स यांनी १९६७ मध्ये तो ताब्यात घेऊन ‘सीलँड’ हे राज्य जाहीर केले. आज त्यांचे वारस ते चालवतात. ऐकून आपल्याला हसू येते. पण हसून झाल्यावर एक प्रश्न उरतोच. राज्य म्हणजे नेमके काय? १९३३ च्या माँटेव्हिडिओ करारात त्याची चार लक्षणे सांगितली आहेत. कायम वस्ती, ठरलेली जमीन, सरकार आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. यात न मोजलेली एक गोष्ट आहे, असे मला वाटते. ती कळण्यासाठी ऑस्ट्रेलियाला जाण्याची गरज नाही. आपल्या धुळे जिल्ह्यातल्या चिमठाण्यापर्यंत गेले तरी पुरे.

त्यासाठी आधी १९४२ च्या खानदेशात जाऊ. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव जिल्हा आणि पश्चिम खानदेश म्हणजे आजचे धुळे-नंदुरबार. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन फैजपूरला झाले, तेव्हापासून इथल्या गावागावांत चळवळ पोचली होती. सानेगुरुजींनी अमळनेरात विद्यार्थ्यांची एक पिढी घडवली होती. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला पोलिसांच्या गोळ्यांनी शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती गेले. अमळनेर तालुक्यातल्या डांगरीचे डॉ. उत्तमराव पाटील आणि त्यांच्या पत्नी लीलाताई हे दोघेही या लढ्यात उतरले. अमळनेरच्या आंदोलनात लीलाताई पुढे होत्या. त्यांना शिक्षा झाली, पुढे कैदेतून निसटून त्याही भूमिगत झाल्या.

इकडे हे चालले असताना तिकडे सातारा जिल्ह्यात एक वेगळाच प्रयोग आकार घेत होता. तेव्हाच्या साताऱ्यात आजचा सांगली जिल्ह्याचा मोठा भागही होता. पूर्वी तलाठ्याची नोकरी केलेले क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी १९४३ मध्ये प्रतिसरकार उभे केले. म्हणजे इंग्रजांचे सरकार जागेवर असतानाच दुसरे सरकार जाहीर केले. देशात असे प्रयोग आणखीही झाले. बलियात चित्तू पांडे यांचे सरकार काही दिवस टिकले. बंगालमधल्या तामलुकचे जातीय सरकार डिसेंबर १९४२ पासून १९४४ पर्यंत चालले. साताऱ्याचे मात्र १९४६ पर्यंत टिकले.

या सरकारला सचिवालय नव्हते, राजवाडा नव्हता, टपालाचे तिकीटही नव्हते. आज या वाड्याच्या माडीवर, उद्या त्या मळ्यातल्या खोपटात, अशी त्याची राजधानी फिरत असे. घरातल्या बायकांनी रात्री-अपरात्री भाकरी थापल्या, निरोप पोचवले आणि पोलीस दारात आले तेव्हा तोंडातून शब्द काढला नाही. एका अर्थाने हेही घरातून चाललेले राज्यच होते. फरक असा, की ते एका घराचे नव्हते.

त्याने काय केले? न्यायदान मंडळे नेमली. बांधाचे, वाटणीचे, सावकारीचे तंटे गावातच सुटू लागले. वकील नको, कोर्टाच्या तारखा नकोत. दारूबंदी झाली. थोड्या खर्चात गांधी-विवाह लागले. गावगुंडांना आणि पोलिसांच्या खबऱ्यांना जरब बसली. त्यासाठी कुंडलच्या जी. डी. बापू लाड आणि त्यांच्या साथीदारांनी तुफान सेना उभारली. शिक्षा म्हणून तळपायावर काठीचे फटके देत. त्यातून पायाला पत्रा ठोकतात अशी अफवा पसरली आणि ‘प्रति’चे ‘पत्री’ झाले. हिणवण्यासाठी वापरलेले नाव लोकांनी कौतुकाने उचलले.

सरकार म्हटले की खजिना आला. शेतकऱ्यावर पट्टी बसवावी तर तो आधीच महायुद्धातल्या महागाईने आणि टंचाईने पिचलेला. मग इंग्रजांचाच पैसा घ्यायचा असे ठरले. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी लुटली गेली. त्यानंतरचा सर्वांत मोठा घाव पडला तो आपल्या खानदेशात. कुंडल ते चिमठाणे हे अंतर चारशेहून अधिक किलोमीटर. तरी तिथली माणसे इथवर आली, कारण इथे त्यांना घरे उघडी होती. वाटा माहीत असलेली, पोटात गुपित ठेवणारी माणसे होती. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना चिमठाण्याजवळ अडवला गेला. साताऱ्याकडचे जी. डी. बापू आणि नागनाथअण्णा नायकवडी, खानदेशातले डॉ. उत्तमराव पाटील आणि त्यांचे सहकारी असा हा एकत्र उद्योग होता. सुमारे साडेपाच लाख रुपये हाती लागले. त्या काळच्या मानाने ही रक्कम प्रचंड होती. पुढे नागनाथअण्णा पकडले गेले आणि त्याच वर्षी साताऱ्याच्या तुरुंगाची भिंत ओलांडून निसटले.

आता खरा प्रश्न. हा दरोडा की करवसुली? इंग्रजांच्या कायद्याने तो दरोडाच होता. पैसे नेणारे हत्यारबंद होते आणि पावती कोणी दिली नव्हती. मग फरक कुठे? मला तो एका साध्या गोष्टीत दिसतो. दरोडेखोराच्या दारात कोणी भाऊबंदकीचा तंटा सोडवायला जात नाही. पत्री सरकारच्या दारात लोक आपल्या पायांनी जात होते. ज्याच्या ओट्यावर गाव आपले भांडण घेऊन बसते, त्याच्या हातात राज्य आलेले असते, मग कागदावर काहीही लिहिलेले असो. माँटेव्हिडिओच्या यादीत नसलेली गोष्ट ती हीच. लोकांचा भरवसा.

पण या भरवशाची दुसरी बाजूही सांगायला हवी. फटक्यांच्या शिक्षेवर अपील कुठे करायचे? खबऱ्या म्हणून ज्याचे नाव घेतले तो खरोखर खबऱ्या होता का, हे कोण तपासणार? भूमिगत सरकारला या प्रश्नांची पुरी उत्तरे देता येत नाहीत, कारण त्याचे दफ्तर उघडे नसते. त्या काळातही या मार्गाबद्दल काँग्रेसमध्ये मतभेद होते आणि ते अस्थानी नव्हते. म्हणूनच मला सर्वांत मोलाचे वाटते ते या सरकारचे विसर्जन. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात लोकांनी निवडलेले मंत्रिमंडळ आले आणि पत्री सरकारने आपला कारभार आवरला. नाना पाटील उघडपणे लोकांसमोर आले. पुढे १९५७ मध्ये साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये बीडमधून मते मागून ते लोकसभेत गेले. गादी धरून बसण्याचा मोह त्यांना झाला नाही.

घरगुती राज्याचा प्रिन्स आणि पत्री सरकारचा कार्यकर्ता, दोघांची सुरुवात एकाच ठिकाणी होते. वरच्या सरकारने आपल्यावर अन्याय केला, आता त्याचे ऐकायचे नाही. पुढे एकाने आपल्या बांधाभोवती सीमा आखली. दुसऱ्याने शेजाऱ्याच्या बांधाचा तंटा सोडवला.

चिमठाण्याला त्या घटनेचे स्मारक आहे. तिथून जाणे झाले तर क्षणभर थांबा. सोबत मुले असतील तर त्यांना साडेपाच लाखांचा आकडा जरूर सांगा, त्यांचे डोळे मोठे होतील. मग हेही सांगा, की त्या रात्री त्या माणसांना ज्या घरांनी दार उघडले, त्यांतल्या बहुतेक घरांची नावे कुठल्याही दगडावर कोरलेली नाहीत.