कार्लाइलचा १९१२ चा सीझन : जिंकलं नक्की कोण?

आज जरा अमेरिकन फुटबॉलबद्दल. आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू हातात घेऊन धावायचं आणि समोरच्याला अंगावर जाऊन पाडायचं, तो. सुरुवातीला हा कॉलेजच्या पोरांचाच खेळ होता आणि भयंकर धसमुसळा. मैदानावर पोरं मरायला लागली, तेव्हा १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. १९०६ पासून चेंडू पुढे फेकायची मुभा मिळाली. नुसत्या ताकदीच्या खेळात आता डोकं आणि वेगही चालू लागला.

याचा फायदा सगळ्यात हुशारीने उचलला तो पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल इंडियन स्कूलने. ही टीम मला ग्रेट वाटते, पण ती शाळा काय होती हे आधी सांगायला हवं.

१८७९ मध्ये कॅप्टन रिचर्ड प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने जुन्या बराकींत ती सुरू केली. मूलनिवासी जमातींची मुलं घरापासून शेकडो मैल लांब आणायची. केस कापायचे, नावं बदलायची, स्वतःच्या भाषेत बोलायचं नाही. मुलांमधला 'इंडियन' संपवायचा, हा उद्देश प्रॅट उघडपणे सांगायचा.

त्याच शाळेची पोरं मोठमोठ्या कॉलेजांशी भिडायची. अंगाने हलकी, पण चपळ. बहुतेक सामने परगावी, कारण तिकिटांचा पैसा तिथे जास्त. कोच पॉप वॉर्नर.

१९१२ चा सीझन म्हणजे कळस. १४ सामने, १२ जिंकले, १ बरोबरीत, १ हरले. टीमचा हिरो जिम थॉर्प. सॅक अँड फॉक्स जमातीचा हा गडी त्याच उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिंपिकमधून पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉनची सुवर्णपदकं घेऊन आला होता.

९ नोव्हेंबरला सामना होता वेस्ट पॉइंटला, थेट लष्कराच्या अकादमीशी. वुंडेड नीला लष्कराने लाकोटा बायकापोरांसकट शेकडो माणसं मारली, त्याला तेव्हा जेमतेम २२ वर्षं झाली होती. समोरच्या टीममध्ये ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक कॅडेट होता, पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तोच. निकाल : कार्लाइल २७, आर्मी ६.

सिनेमा असता तर इथेच संपला असता. खरी गोष्ट पुढे आहे.

दोनच महिन्यांनी, जानेवारी १९१३ मध्ये, थॉर्प पूर्वी पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता हे बाहेर आलं आणि त्याची पदकं काढून घेतली गेली. १९१४ मध्ये खुद्द विद्यार्थ्यांनीच शाळेच्या कारभाराविरुद्ध अर्ज केला. त्यात पुढाकार कोणाचा? आर्मीला हरवणाऱ्या टीमचा क्वार्टरबॅक गस वेल्च याचा! काँग्रेसची चौकशी बसली. मुलांना होणारी मारहाण आणि फुटबॉलच्या पैशाचा वापर, दोन्ही चव्हाट्यावर आलं. आधी शाळेचे प्रमुख गेले, मग वॉर्नरही गेला. १९१८ मध्ये शाळाच बंद झाली.

मला त्या २७-६ पेक्षा हा अर्ज मोठा विजय वाटतो. मैदानावर ही पोरं शाळेचं नाव मोठं करत होती. अर्ज केला तो मात्र स्वतःसाठी आणि मागे राहिलेल्या धाकट्यांसाठी.

थॉर्प १९५३ मध्ये गेला. १९८२ मध्ये त्याला संयुक्त विजेता मानलं गेलं आणि एकमेव विजेता म्हणून नाव लागायला २०२२ उजाडलं. शाळेच्या आवारात दीडशेहून जास्त मुलांना पुरलं होतं. गेली काही वर्षं त्यांचे अवशेष एकेक करून आपापल्या जमातींकडे परत जातायत.

म्हणून सांगतो, एखादी संस्था आपले चषक दाखवते तेव्हा टाळ्या जरूर वाजवाव्यात. पण तिथे राहणाऱ्या पोरांना काय म्हणायचंय, तेही एकदा विचारावं.