पाण्याला कारण, धाग्याला कारण



जात पाळणारा माणूस ढोंगी असतो, खोटं बोलतो, असं आपण सभेत सहज म्हणतो. टाळ्या पडतात. पण तो नुसता खोटं बोलत असता तर आपलं काम सोपं होतं. खोटं उघडं पाडता येतं. हा माणूस स्वतःला पटलेलं बोलतो. समतेवर भाषण ऐकतो, मान डोलावतो, घरी जाऊन कप वेगळा ठेवतो आणि रात्री शांत झोपतो. ही झोप त्याला लागते कशी? याचा शोध घेतला पाहिजे. शोध इतिहासातच लागतो.

१५ जानेवारी १९३४ ला बिहारात मोठा भूकंप झाला. हजारो माणसं मेली. पण ज्या भागात नुसता धक्का बसला, घरं पडली नाहीत, प्रेत दिसलं नाही, तिथं वेगळंच घडलं. अफवा उठल्या. याहून मोठा भूकंप येणार, पूर येणार, जग बुडणार. प्रसाद नावाच्या आपल्याच देशातल्या अभ्यासकानं या अफवा गोळा केल्या. पुढं अमेरिकेतल्या लिऑन फेस्टिंगरच्या हाती हा अभ्यास आला आणि तो कोड्यात पडला. भ्यालेली माणसं आणखी भीती वाढवणाऱ्या गोष्टी का पसरवतात? त्याला उत्तर सापडलं ते असं : भीती अंगात आधीच शिरली होती, तिला शोभेल असं कारण डोळ्यासमोर नव्हतं. म्हणून मनानं कारण तयार केलं.

यातून त्यानं १९५७ साली सिद्धांत मांडला. आपल्याकडं त्याला बोधात्मक विसंवाद म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट साधी आहे. मनातल्या दोन गोष्टी एकमेकींशी पटल्या नाहीत की माणूस बेचैन होतो. मग त्यातली जी बदलायला स्वस्त, ती तो बदलतो. वागणं बदलायचं तर भाऊबंद तुटतात, मान जातो, फायदा जातो. कारण बदलायला पैसा पडत नाही.

आता हा कंदील घेऊन महाडला चला.

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर न्याय झाला. तळ्यावर मात्र कुणी पाऊल ठेवू शकलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले.

गावाला राग आला. पण या रागाला कारण काय सांगायचं? तळं सार्वजनिक. ठराव नगरपालिकेचा. मुसलमान, ख्रिस्ती ते पाणी भरत होते, जनावरं पीत होती. पाणी प्यायल्याचा राग उघड सांगावा तर आपणच केलेल्या ठरावाला आपण नाय म्हणतो असं होतं. तेवढ्यात आवई उठली : हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार! देवळात जायचा कुणाचा बेत नव्हता. पण रागाला शोभेल असं कारण मिळालं आणि जेवायला बसलेल्या आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या. बिहारात भीतीनं अफवा जन्माला घातली, महाडात रागानं.

पुढं बघा. शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या १०८ घागरींनी तळं ‘शुद्ध’ केलं. ४ ऑगस्ट १९२७ ला, बोले ठरावाला बरोबर चार वर्षं होत असताना, नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. डिसेंबरात सनातनी कोर्टात गेले. तिथं विटाळाची भाषा पुरत नाही, म्हणून म्हणाले, तळं खाजगी आहे, ‘चौधरी तळं’ आहे, आणि वहिवाट अनादि आहे. म्हणजे आधी धर्म, मग देवळाची आवई, मग मालमत्ता. कारणं तीन, वागणं एकच : तुम्ही पाणी प्यायचं नाही. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं निकाल दिला. तळं नगरपालिकेचं, आणि वहिवाट अनादि असल्याचं सिद्ध झालेलं नाही. ओंजळभर पाण्याला दहा वर्षं लागली.

सनातन्यांचं सोडा. आपण कामगार माणसं. आपल्या वर्गाचं काय?

मुंबईच्या कापडगिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्याला काम नव्हतं. का? धोट्यातली कांडी संपली की नवी भरायची आणि धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यायचं. महाराच्या तोंडाला लागलेला धोटा आम्ही तोंडाला कसा लावणार, हे सवर्ण कामगाराचं म्हणणं. लँकेशायरलाही ही रीत होती. तिथले डॉक्टर तिला रोगाचं मूळ म्हणत. इकडं रोगाची भीती कुणाला नव्हती, विटाळाची होती. आणि विणाई खात्यात पगार बरा होता, हे विसरू नका. धोट्याआड पगार लपला होता.

१९२८ साली गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप झाला. लाल बावटा म्हणत होता, जगातले कामगार एक. बाबासाहेबांनी विचारलं, मग विणाई खातं आमच्यासाठी खुलं करा ही मागणी तुमच्या यादीत का नाही? पुढाऱ्यांनी नाइलाजानं ती यादीत घातली. मालकांनी हात झटकले : हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. मालक कामगारांकडं बोट दाखवणार. कामगार धोट्याकडं. पुढारी सांगणार, जातीचा विषय काढला तर एकी फुटेल, क्रांती झाली की जात आपोआप जाईल. प्रत्येकाला आपापलं कारण पुरत होतं. एकी आधीच फुटलेली होती, ती फूट बोलून दाखवणारा मात्र फुटीर ठरत होता.

म्हणून बाबासाहेबांनी १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वे कामगारांना सांगितलं की आपले शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह बिलाविरुद्ध त्याच कम्युनिस्टांबरोबर संपही केला. विसंगती तोंडावर सांगायची आणि लढ्यातही उतरायचं. हे दोन्ही जमलं पाहिजे.

२५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत त्यांनी हेच साऱ्या देशाला ऐकवलं. २६ जानेवारीपासून आपण विसंगतीच्या जीवनात शिरतो आहोत. राजकारणात समता, समाजात आणि पोटापाण्यात विषमता. ही विसंगती लवकर मिटवली नाही तर विषमतेचे बळी ही लोकशाहीच उधळून लावतील. तेव्हा फेस्टिंगरचं पुस्तक यायला अजून आठ वर्षं होती.

आता आपल्या पट्ट्यात या. तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्काम करते. चोखोबाचे अभंग गात दिंड्या जातात. शतकानुशतकं ते गायले गेले आणि चोखोबाची समाधी देवळाबाहेर, पायरीशीच राहिली. पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना उघडायला १९४७ चा मे महिना आणि साने गुरुजींचं उपोषण लागलं. ‘संतांना जात नसते’ हे कारण किती सोयीचं! संताला नसते, त्याच्या जातभाईला असते.

पिंपरी, भोसरी, चाकणच्या कंपन्यांत आज सगळे एका कॅन्टीनमध्ये जेवतात. हे कुणाच्या हृदयपरिवर्तनानं झालं नाही. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानं अडीचशेवर कामगार असले की कॅन्टीनची सोय सांगितली. भूक होती, सुट्टी अर्ध्या तासाची होती, माणसं शेजारी बसली. आधी वागणं बदललं, मग मनानं नवं कारण शोधलं : ‘कामावर कसली जात?’ हे कारणही चांगलंच आहे. फक्त ते गेटच्या आत चालतं. गेटबाहेर खोली बघायला गेलं की आडनाव विचारतात. ‘आम्हाला काही नाही हो, पण शेजारी...’ हा शेजारी कुठल्याच गल्लीत सापडत नाही.

आणि हा कंदील आपल्याकडंही वळवू. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी इथंच देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा दिली तेव्हा नुसतं त्रिशरण-पंचशील देऊन ते थांबले नाहीत, २२ प्रतिज्ञा दिल्या. इतक्या कशाला? मला वाटतं, माणसाचं मन पळवाट शोधतं हे त्यांनी महाडपासून पाहिलं होतं. म्हणून एकेक पळवाट मोजून बुजवली. तरी आपण नव्या काढतोच. भिंतीवर बुद्ध आणि लग्नाला मुहूर्त, कारण काय तर ‘म्हाताऱ्यांचं मन राखायचं’. मोर्चात समता आणि घरात बायको पंगत उठल्यावर जेवणार, कारण काय तर ‘तिलाच तसं आवडतं’. हा महाडचाच कारखाना आपल्या घरात चालू आहे.

म्हणून कार्यकर्त्यानं एक लक्षात ठेवावं. समोरच्याचं कारण खोडण्यात रात्री घालवू नका. एक खोडलं की तो दुसरं काढेल. त्याचं वागणं पकडा. कोण कुठं पाणी भरतो, कोणाला कुठलं खातं मिळतं, खोली कुणाला नाकारतात, हे तारखेनिशी लिहून ठेवा आणि त्यावर लढा. वागणं बदललं की मन मागून येतं, आणि येताना स्वतःचं कारण घेऊनच येतं. येऊ दे. पाणी मिळालं म्हणजे झालं.

जय भीम.