अक्षरांत मांडलेलं गाणं

गाणं डोळ्यांना दिसतं का? पेशाने वकील असलेल्या पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी ते आपल्याच सा रे ग म या अक्षरांत दाखवलं. अक्षराखाली टिंब म्हणजे मंद्र, डोक्यावर टिंब म्हणजे तार. खाली आडवी रेघ कोमल, मध्यमावर उभी रेघ तीव्र. पलुस्करांच्या खुणा वेगळ्या. मला भातखंड्यांच्या सुटसुटीत वाटतात. उस्तादांनी जिवापाड जपलेल्या शेकडो चिजा अशा रीतीने क्रमिक पुस्तकांत उतरल्या, नाहीतर कित्येक त्यांच्याबरोबरच गेल्या असत्या. मींडेसाठी वर कमान काढली, पण तिचा डोल कागदावर कुठून यायचा? आमच्या उदगीरच्या भजनातले पेटीवाले ते पान रांगोळीसारखं न्याहाळतात, नि वाजवतात कानानंच!