उपवासाची घटका

रेवदंड्याच्या कोटात शिरले की नारळी-पोफळीच्या वाड्यांआडून फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या मंदिराचा उंच, भग्न मनोरा दिसतो. लोक त्याला 'सातखणी' म्हणतात. खाडीपलीकडे कोर्लई; तेथील ख्रिस्ती कुटुंबांच्या मुखी आजही पोर्तुगीज वळणाची बोली नांदते. १७४० साली हा प्रदेश मराठ्यांकडे गेला. मनोऱ्यातील घंटेचा नाद केव्हाच विरला. पण त्या घंटेबरोबर आलेला उपवास घराघरांत टिकला.

केव्हा जेवावे, हा प्रश्न आज घरोघरी चर्चिला जातो. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याचा परिपाठ महाराष्ट्रभर पोचविला. ख्रिस्तसभेला मात्र हा प्रश्न फार जुना आहे.

आरंभीच्या शतकांत प्रायश्चित्तकाळात भाविक दिवसातून एकदाच, तेही सूर्यास्तानंतर जेवत. पुढे ही वेळ अलीकडे सरकली. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी नववा तास योग्य ठरविला. नववा तास म्हणजे दुपारचे तीन. प्रभूने क्रुसावर प्राण सोडला ती घटका. लॅटिनमध्ये तिला 'नोना' म्हणत. नवव्या तासाची प्रार्थना आणि तिच्यामागून येणारे जेवण हळूहळू मध्यान्हापर्यंत आले आणि इंग्रजीतील 'नून' या शब्दाचा अर्थही तीनवरून बारावर आला! जेवण दुपारी आल्यावर रात्र जड जाऊ लागली. तेव्हा अल्पाहाराची मुभा मिळाली. पोर्तुगीज त्याला 'कोन्सुआदा' म्हणत. आज हे नाव नाताळच्या पूर्वरात्रीच्या भोजनाला उरले आहे. १५२१ मध्ये पोर्तुगिजांनी चौलला किल्ला बांधावयास घेतला, तोवर युरोपात दुपारच्या जेवणाचा हा प्रघात रुळला होता. आपल्या किनाऱ्याला मिळाला तो हा सौम्य झालेला उपवास.

ख्रिस्तप्रसादापूर्वीचा उपवास मात्र कडकच राहिला. मध्यरात्रीनंतर पाण्याचा घोटही चालत नसे. रात्रभर राबलेल्या माणसाने तहान भागविली, तर त्याला सकाळी वेदीपुढून रित्या मुखाने परतावे लागे. पोप बारावे पायस यांनी १९५३ साली पाण्याने हा उपवास मोडत नाही असे ठरविले. सायंकाळच्या मिस्सालाही वाट मोकळी करून दिली. १९५७ साली ही मर्यादा तीन तासांवर आली, तर १९६४ साली पोप सहावे पॉल यांनी ती एका तासावर आणली. १९६६ पासून एकवेळच्या जेवणाचा सक्तीचा उपवास राखेचा बुधवार व शुभ शुक्रवार या दोनच दिवशी उरला.

धर्म सैल झाला, अशी खंत काही वडीलधारे व्यक्त करतात. आम्हांस तसे वाटत नाही. घड्याळाचा काटा प्रत्येक वेळी माणसाच्या गरजेकडे पाहूनच सरकला. पण एक गोष्ट वाटेत गळून पडली, हे मान्य करावे लागेल. दुसऱ्या शतकातील 'हर्मासचा मेंढपाळ' या ग्रंथात उपवासाचा नियम असा आहे : त्या दिवशी न खाल्लेल्या अन्नाची किंमत मोजावी आणि ती विधवेला, अनाथाला अथवा गरजवंताला द्यावी.

देहासाठी तास मोजणारा आपले आरोग्य राखतो. त्यात गैर काही नाही. परंतु आपल्या ताटातील वाचलेला घास शेजारच्या रित्या ताटात पडला, तरच त्या उपाशी घटकेला उपवास म्हणावे. ही घटका कोणत्याही पोपमहोदयांनी शिथिल केलेली नाही.